युकुलेलेचा टॉप कुठल्या लाकडाचा घ्यायचा? कोआ, स्प्रूस, महोगनी आणि आपला मिरजेचा तून

ज्यांना बस-मेट्रोच्या गोंगाटात ऐकायला जमत नाही किंवा आकडे डोळ्यांसमोर लागतात, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना जे 'अं… म्हणजे…' होतं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा प्रश्न एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. तोही आपल्या वाघोलीतलाच. वर्षभर साधा प्लायवुडचा कॉन्सर्ट युकुलेले वाजवतोय, हात बसलाय, आणि आता पहिल्या बोनसमधून एक चांगला, आयुष्यभर पुरेल असा घ्यायचाय. ऑनलाइन बघायला गेला तर कोआ, स्प्रूस, सीडर, महोगनी, अकेशिया, आंबा अशी यादीच समोर. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, टॉप कुठल्या लाकडाचा घेऊ?"

उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं देतो. लाकडाचं नाव हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, फळी सॉलिड आहे की प्लाय. दुसरा, ती फळी आपल्या हवेत टिकेल का. हे दोन सुटले की नाव निवडणं सोपं होतं, आणि पैसेही वाचतात.

टॉप नेमकं काय करतो?

तार एकटी फारसा आवाज करत नाही. ती इतकी बारीक असते की हवा ढकलूच शकत नाही. तार छेडली की तिची थरथर घोडीतून, म्हणजे ब्रिजमधून, वरच्या पातळ फळीत उतरते. ही फळी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची. ती हलते, हवा ढकलते, आणि आपल्याला सूर ऐकू येतो. म्हणजे टॉप हा युकुलेलेचा स्पीकर आहे. बाजूच्या पट्ट्या आणि पाठ हे त्या स्पीकरचं खोकं.

ही गोष्ट समजून घ्यायला हवाईला जायची गरज नाही, आपलं मिरज पुरे. सांगली जिल्ह्यातल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तानपुरे बनतात. सुरुवात केली फरीदसाहेब शिकलगार यांनी. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे लोक. तलवारींचे दिवस सरत आले तसं ते कसब तंतुवाद्यांकडे वळलं. आजही मिरजेत सतारमेकर आडनावाची घराणी हे काम करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

आता मिरजेचा तानपुरा डोळ्यांसमोर आणा. खालचा गोल भाग कशाचा? भोपळ्याचा! मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकणारा, वाळवलेला भोपळा. आणि त्याच्या तोंडावर बसवलेली पुढची फळी, जिला तबली म्हणतात, ती तूनच्या लाकडाची. तून म्हणजे हलकं, लालसर, कोरायला मऊ लाकूड. घोडी उभी राहते ती या तबलीवर, आणि तारांचा आवाज बाहेर पडतो तो तिच्यातूनच. पाठीला फळभाजी चालते, पण तबलीसाठी लाकूड निवडून, नीट वाळवून घ्यावं लागतं.

स्पेनमध्येही एकाने असाच प्रयोग करून पाहिला होता. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्याने घालून दिला, त्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या, फक्त टॉप नेहमीसारखा स्प्रूसचा. त्याला दाखवायचं हेच होतं की आवाजाचा मुख्य भार टॉपवर असतो. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

अलीकडचा पुरावा हवाय? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. सहा गिटारी, रचना एकसारखी, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं, काही महाग, काही स्वस्त. ५२ गिटारवादकांना आपण कुठली गिटार वाजवतोय ते कळू न देता वाजवायला दिल्या. लाकडाच्या किमतीप्रमाणे पसंती बदलली नाही.

यातून खिशासाठी पहिला नियम निघतो: बजेट मर्यादित असेल तर 'सॉलिड टॉप, प्लायची पाठ' हा सौदा उत्तम. पाठीच्या नक्षीदार लाकडासाठी जास्तीचे पैसे देणं ही डोळ्यांची हौस. हौस करा, हरकत नाही. फक्त ती आवाजाच्या खात्यात लिहू नका.

कोआच का?

युकुलेले म्हटलं की कोआ, हे समीकरण कुठून आलं? २३ ऑगस्ट १८७९ ला 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला आलेली माणसं त्यात होती, आणि त्यांच्यात तीन सुतार होते: मानुएल नुनेस, ऑगस्टो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. मळ्याचा करार संपल्यावर ते आपल्या मूळ धंद्याकडे वळले. मदेरातलं छोटं वाद्य त्यांना ठाऊक होतं, आणि हातात आलं ते तिथलं स्थानिक लाकूड, म्हणजे कोआ. कोआ हे बाभळीच्या जवळचं झाड, फक्त हवाई बेटांवर नैसर्गिकपणे वाढणारं. मिरजेच्या कारागिरांनी तून घेतला, हवाईच्या सुतारांनी कोआ घेतला. दोघांनीही जवळ मिळणारं लाकूड ओळखलं आणि वर्षानुवर्षं त्यावर हात बसवला.

आणि आंब्याचं ऐका. आंबा आपल्याकडून जगभर गेला. आपल्याकडे त्याचं लाकूड म्हणजे खोकी आणि स्वस्त फर्निचर. हवाईत मात्र आंब्याच्या लाकडाचे देखणे, महाग युकुलेले बनतात.

आणखी एक किस्सा. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९०७ च्या सुमारास पहिल्यांदा युकुलेले करून पाहिले. टॉप स्प्रूसचा, आणि आतून आधाराच्या पट्ट्या गिटारसारख्या. वाद्यं जड, दबलेल्या आवाजाची झाली आणि चालली नाहीत. मग १९१६ मध्ये त्यांनी महोगनीचे, हलक्या बांधणीचे युकुलेले बाजारात आणले आणि ते जोरात खपले. इथे लगेच 'स्प्रूस वाईट, महोगनी चांगलं' असा निष्कर्ष काढू नका. युकुलेलेच्या चार तारांचा ताण गिटारच्या मानाने फारच कमी असतो. तो ताण पेलायला गिटारएवढी मजबूत फळी दिली, तर ती हलणारच नाही. लाकूड कितीही चांगलं असो, जाड फळी आणि जड पट्ट्या त्याचा गळा दाबतात. आज स्प्रूसचे सुंदर युकुलेले मिळतात, कारण त्यांची फळी पातळ आणि बांधणी हलकी असते.

दोन आकडे, एक भागाकार

आता थोडं डेटाशीट उघडूया. इंजिनीअर आहे, राहवत नाही.

चांगला टॉप कडक हवा आणि हलकाही हवा. कडक, म्हणजे थरथर त्यातून झपकन पसरेल. हलका, म्हणजे बारीकशी तारही त्याला हलवू शकेल. पहिल्या गुणाचं माप म्हणजे लाकडात रेषेच्या दिशेने ध्वनीचा वेग. दुसऱ्याचं माप घनता. वेगाला घनतेने भागलं की एक ढोबळ आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितक्या सहज ती फळी तारेची ऊर्जा आवाजात बदलते.

स्प्रूस: वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर, घनता घनमीटरला ४२५ किलोच्या आसपास. भागाकार जवळपास १२.

वेस्टर्न रेड सीडर: वेग कमी, सुमारे ४,५००, पण घनताही कमी, ३७० च्या आसपास. भागाकार पुन्हा १२ च्या जवळ.

महोगनी आणि कोआ: दोघांचाही वेग ४,१०० च्या आसपास, घनता ६०० च्या आसपास. भागाकार ७ च्या जवळ.

आपला तून: वेग सुमारे ४,३५०, घनता ४८५ च्या आसपास. भागाकार ९. म्हणजे बरोबर मधोमध!

हे सगळे सरासरी आकडे आहेत. एकाच जातीच्या दोन फळ्यांमध्ये बराच फरक पडू शकतो. तरी चित्र स्पष्ट आहे. स्प्रूस आणि सीडर मोठ्याने आणि लगेच बोलतात. स्प्रूसचा आवाज स्वच्छ, टोकदार. सीडरचा जरा उबदार, हलक्या बोटालाही उत्तर देणारा. महोगनी आणि कोआ तुलनेने हळू बोलतात, पण ऊर्जा सावकाश सोडतात. महोगनीचा सूर मऊ, मधल्या पट्टीत भरलेला. कोआचाही तसाच, वर थोडी चमक. ज्याला गाण्याच्या मागे कॉर्ड वाजवायच्यात त्याला महोगनी-कोआ गोड लागतात. ज्याला एकेक सूर वेगळा उमटवत धून वाजवायचीय, त्याला स्प्रूस-सीडर जास्त आवडू शकतात.

"मग आपलं सागवान का नाही?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. सागवानाचा भागाकार साधारण साडेसहा, म्हणजे कोआच्या शेजारीच. टिकाऊ आहे, हवेने फार हलत नाही. पण जड आहे, आणि तेलकट असल्यामुळे डिंक धरायला नीट साफसफाई लागते. शिवाय तयार वाद्यांत ते क्वचितच मिळतं. कुणी ओळखीचा कारागीर करून देत असेल तर कल्पना वेडी नाही.

आणि एक इशारा. दुकानदार 'रेड सीडर' म्हणाला तर कुठला ते विचारा. वेस्टर्न रेड सीडर हे उत्तर अमेरिकेतलं सूचिपर्णी झाड. आपल्या तूनलाही बाजारात 'इंडियन रेड सीडर' म्हणतात, पण तून हा महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातला. नाव एक, झाडं वेगळी, आकडेही वेगळे.

सॉलिड की प्लाय?

दोन-चार हजारांत मिळणारे युकुलेले जवळपास सगळे प्लायचे, म्हणजे लॅमिनेटचे असतात. जाहिरातीत 'टॉप: महोगनी' असं लिहिलेलं असतं आणि 'सॉलिड' हा शब्द कुठेच नसतो. याचा अर्थ सहसा असा, की वरचा पापुद्रा महोगनीचा, खाली दुसऱ्या कुठल्यातरी लाकडाचे थर.

ओळखायचं कसं? आवाजाच्या गोल छिद्राची कड बघा. मोबाईलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करा. वरच्या पृष्ठभागावरची रेष कडेवरून खाली तशीच उतरताना दिसली, तर फळी सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले, तर प्लाय. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून याच कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. कडेवर पट्टी चिकटवून ती झाकलेली असेल, तर टॉपची आतली बाजूही बघा. वरची एखादी ठळक रेष किंवा गाठ आत त्याच जागी दिसायला हवी.

प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या चिकटवतात. त्यामुळे फळी मजबूत होते, पण डिंक आणि आडवे थर तिला बुजवतात. भागाकाराचं वरचं सगळं गणित सॉलिड फळीचं आहे. प्लायवर लाकडाचं नाव म्हणजे बरंचसं रंगाचं नाव.

म्हणजे प्लाय टाकाऊ का? अजिबात नाही. ट्रेकला नेणारे, गाडीत ठेवणारे, घरात लहान मुलं असणारे यांच्यासाठी प्लाय शहाणपणाचा आहे. कारण पुढचा मुद्दा.

वाघोलीची हवा

वाद्यांसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर असते, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्याही खाली उतरते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. रेषेच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही, पण आडवं फुगतं आणि आकसतं. टॉपची फळी कडेने चिकटवलेली असते. आकसायला जागा नाही मिळाली, की ती रेषेवर उकलते. महागडा सॉलिड टॉप पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो तो असा.

आता सगळ्यात वाईट परिस्थितीचं गणित करू. कॉन्सर्ट युकुलेलेचा टॉप रुंदीला साधारण २० सेंटीमीटर धरा. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत लाकडातलं पाणी दहा टक्क्यांच्या आसपास घटलं असं समजा, आणि फळी खोडाच्या वलयांना काटकोनात कापलेली, म्हणजे चांगल्या कापाची आहे असं धरा. तर मोकळी फळी किती आकसेल?

कोआ साडेतीन मिलिमीटरच्या वर. स्प्रूस तीनच्या आसपास. महोगनी दोनच्या आत. सीडर दीडच्या थोडं वर.

प्रत्यक्षात पॉलिश असतं, घर असतं, केस असते, त्यामुळे एवढा बदल होत नाही. पण क्रम तोच राहतो. म्हणजे वर्षभर एसी आणि उघडी खिडकी यांच्यात फिरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी महोगनी कोआपेक्षा जवळपास निम्मी कटकट देतं, आणि किमतीतही सहसा बरंच खाली असतं. सीडर त्याहून स्थिर, पण इतकं मऊ की नखाचे ओरखडे उठतात. जोरात स्ट्रमिंग करत असाल तर वर्षभरात टॉपवर तुमची सही दिसेल.

मग काय घ्यायचं?

आता त्या व्हॉइस नोटला सरळ उत्तर.

पहिला सॉलिड टॉप घेताय, गाण्याबरोबर वाजवताय, घर वाघोलीत: सॉलिड महोगनी. बरेच जण 'महोगनी' म्हणून त्याचं आफ्रिकन नातेवाईक सपेले देतात. तेही चालतं, फक्त तसं सांगून दिलं पाहिजे.

फिंगरस्टाइल, धून, चार मित्रांमध्ये ऐकू जाणारा आवाज हवा: सॉलिड स्प्रूस. हात हलका असेल आणि ओरखड्यांचं दुःख नसेल तर सीडर.

कोआ: आवाज आणि रूप दोन्ही आवडलं, पैसे आहेत, आणि आर्द्रता सांभाळायची तयारी आहे, तर जरूर. 'खरा युकुलेले कोआचाच' एवढ्याच कारणासाठी मात्र नको.

आणि तून? तयार युकुलेलेत तो सहसा सापडणार नाही. पण एखादा कारागीर जुन्या, चांगल्या वाळलेल्या तूनचा टॉप करून द्यायला तयार असेल, तर आकडे तुमच्या बाजूने आहेत, आणि मिरजेचा दीडशे वर्षांहून जास्त अनुभवही.

दुकानात गेलात तर एक छोटी चाचणी करा. एकाच आकाराचे दोन-तीन युकुलेले घ्या. सोप्रानोची तुलना टेनरशी करू नका, तिथे लाकडाआधी आकारच बोलतो. सगळे नीट सुरात लावा. मग पाठ करून उभे राहा आणि मित्राला एकच कॉर्ड, एकच धून प्रत्येकावर वाजवायला सांगा. नाव आणि किंमत न बघता जो आवडला, तो लिहून ठेवा. दोनदा, क्रम बदलून. दोन्ही वेळा तोच निवडला तर तुमच्या कानाने उत्तर दिलंय. दर वेळी वेगळा निवडला तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगल्या तारा आणि कडक केस घ्या. जुन्या युकुलेलेच्या नुसत्या तारा बदलूनही आवाज किती बदलतो ते आधी घरी बघा. काहीशे रुपयांचा प्रयोग आहे.

घरी आणल्यावर: वाजवून झालं की केसमध्ये. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर केसमध्ये टाका. ४० च्या खाली गेलं की भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. पावसाळ्यात स्पंजच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या. एसीच्या झोताखाली, खिडकीतल्या उन्हात आणि मे महिन्यात नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या डिकीत युकुलेले नको. ही शेवटची गोष्ट प्लायवाल्यांनाही लागू आहे, कारण तिथे लाकडाआधी डिंक हार मानतो.

तर मंडळी, छिद्राची कड बघा, हवेचं मीटर बघा, आणि मग लाकडाचं नाव विचारा. तुम्ही काय घेतलंत ते व्हॉइस नोटवर कळवा, आणि जमलं तर एक कॉर्ड वाजवूनही पाठवा. भेटू पुढच्या भागात!